एक कार्ड कमी असलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पूर्वी माझ्यात बिस्किटे होती, आता विरुद्धार्थी शब्द आहेत. नागपूरला बेसा भागातल्या एका शाळेत, चौथीच्या वर्गातल्या कपाटावर मी असतो. तिथल्या सिंधूताई मॅडमनी जुन्या लग्नपत्रिका कापल्या, त्यांच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहिले आणि माझे पोट भरले. रोज प्रार्थनेनंतर प्रत्येकाने एक कार्ड उचलायचे आणि आपला जोडीदार शोधायचा. 'उंच'ने 'ठेंगणा' शोधायचा, 'ओल्या'ने 'सुका'. केवढा गोंधळ व्हायचा! 'चांगले नाही, मोठे नाही' एवढेच लिहिणारी पोरे 'वाईट', 'चिमुकले' लिहू लागली, तेव्हा मुख्याध्यापकांनी माझेही कौतुक केले. मी जरा फुगलोच म्हणा ना.

मग एक दिवस 'जन्म'ला जोडीदार मिळेना. 'मृत्यू' हरवला होता.

मॅडम चिडल्या. "कार्ड सापडत नाही तोवर खेळ बंद!" मुले एकमेकांवर चोरीचा आळ घेऊ लागली. कार्ड वर्गातल्याच मोनालीने नेले होते, हे मला ठाऊक होते. पण मला कुठे बोलता येते? माझा मलाच राग आला.

शुक्रवारी मॅडमनी विरुद्धार्थी शब्द वापरून पाच वाक्ये लिहायला सांगितली. मोनालीने तीनच लिहिली. 'दवाखान्यात आई झोपलेली असते, मी जागी असते. डॉक्टर आत असतात, आम्ही बाहेर. आई पहिले बोलकी होती, आता अबोल आहे.'

मॅडमनी ती तीन वाक्ये पुन्हा वाचली. मधल्या सुट्टीत त्यांनी तिला जवळ घेतले.

"कार्ड तू नेलं काय वं?"

"हो मॅडम. आत्या म्हणते, घरात कोणी बिमार असलं तर तो शब्द तोंडातून काढू नाही. इथं तर सगळे रोज वाचतात. म्हणून लपवला."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही रागात होत्या."

मॅडमचे डोळे भरून आले. "ठेव तुझ्याचजवळ," त्या म्हणाल्या. "वाटलं तेव्हा आणजो." मग त्यांनी साऱ्या वर्गाची माफी मागितली आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

याला तीन आठवडे झाले. मोनालीची आई अजून दवाखान्यातच आहे. मित्रांनो, कुणी काही लपवले तर रागावण्याआधी त्याला विचारत जा, एवढेच मी मागतो. आई बरी झाली की मोनाली ते कार्ड परत आणेल. नाही झाली, तर लपवण्यासारखे काही उरणार नाही, तेव्हाही आणेल. म्हणून रोज सकाळी माझे झाकण उघडले की मला भीती वाटते.