दोन लांब फुंका

मित्रांनो, मी एक जुना शंख आहे, पण देवापुढे कधी वाजलेला नाही. माझ्या आवाजाने गुरे वळत आणि माणसे डोंगरावरून खाली उतरत. एकदा एक माणूस माझ्या आवाजावर विश्वास ठेवून मरणाकडे चालत आला. हे सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. ऐकवत नसेल त्याने इथेच उठावे, मला राग येणार नाही.

हिस्पान्योला बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, उथळ पाण्यातल्या गवतात मी वाढलो. पुढे जिच्याकडे मी आलो त्या ब्रिआन्दाच्या आजीने मला पाण्यातून काढले, आतले मांस भाजून खाल्ले आणि दगडाने माझे टोक फोडून तिथे फुंकायला भोक पाडले. आजी बेटाच्या मूळ लोकांपैकी होती. तिच्या गावातली बाकी माणसे स्पेनच्या लोकांच्या सोन्याच्या खाणींत नाहीतर देवीच्या साथीत संपली होती. ती मला फुंकायची तेव्हा पलीकडच्या डोंगरावरून उत्तर द्यायला कुणी उरले नव्हते. तरी ती फुंकायची, आणि मग बराच वेळ कान देऊन बसायची.

आजीनंतर मी ब्रिआन्दाकडे आलो. ती सान्ता रूफिना नावाच्या वीस झोपड्यांच्या वस्तीत राहायची. दांडगी, मोठ्या आवाजाची विधवा बाई. तिचा धाकटा भाऊ तोरिब्यो डोंगरात मोकाट गुरे मारायचा आणि ती किनाऱ्यावर त्यांची कातडी ताणून वाळवायची. साऱ्या खोऱ्याला माझ्या खुणा पाठ होत्या. तीन आखूड फुंका म्हणजे संकट, वर पळा. दोन लांब फुंका म्हणजे गलबत आले, धोका नाही, माल घेऊन खाली या. खोटी फुंक कुणी मारायची नाही, असा दंडक होता. एका पिदाड माणसाने गंमत म्हणून दोन लांब फुंका मारल्या, तर पुढे वर्षभर त्याला कुणी आपल्या शेकोटीशी बसू दिले नाही. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटे.

गलबत असे ते डच लोकांचे. स्पेनच्या राजाचा हुकूम होता की व्यापार फक्त त्याच्याच जहाजांशी करायचा, तोही बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या राजधानीत. तिथे जायला दोन आठवडे लागत आणि जहाज येई दोन-तीन वर्षांतून एकदा. डच लोक त्या राजाविरुद्ध आपल्या देशासाठी आणि आपल्या वेगळ्या पंथासाठी लढत होते. त्यांना कातडी हवी होती, आमच्या लोकांना कापड, सुया, तेल. राजाच्या लेखी ते पाखंडी होते, आणि त्यांच्याकडून सुई घेणारासुद्धा गुन्हेगार. रविवारी आमचे पाद्री मेल्चोरबाबा उपदेशात त्यांना नरकात जाळायचे आणि गलबत आले की पूजेसाठी त्यांचीच वाइन घ्यायला सगळ्यांच्या पुढे उभे राहायचे.

"पाद्रीबाबा, पाखंड्यांची वाइन प्रभूच्या पेल्यात चालते होय?" ब्रिआन्दा विचारायची.

"द्राक्षं कधी पाखंडी असतात का, बाई? दे इकडे तो बुधला. आणि जरा हळू बोल."

किनारा हसायचा. मीही हसलो असतो, पण मला दुसऱ्याच्या श्वासाशिवाय आवाज नाही.

डच गलबताचा कप्तान यूस्त याने एकदा तोरिब्योला एक जाडजूड पुस्तक दिले. त्याबदल्यात काही मागितले नाही. तोरिब्योला वाचता येत नव्हते, पण तो ते आपल्या गाठोड्यात जपून ठेवू लागला.

"काय करणारेस त्याचं? चुलीत घाल," ब्रिआन्दा म्हणाली.

"असू दे गं ताई. आजवर मला कुणी काही फुकट दिलंय का? तूसुद्धा भाकरीआधी चार कामं सांगतेस."

मेल्चोरबाबांनी ते पुस्तक उघडून पाहिले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बायबलच होते, पण स्पॅनिश भाषेत, पाखंड्यांनी छापलेले. असे पुस्तक बाळगणे म्हणजे मरण. "हे जाळ," ते म्हणाले, "आणि मी पाहिलं असं कुणाला सांगू नकोस." तोरिब्योने मान डोलावली आणि पुस्तक पुन्हा गाठोड्यात घातले. पाद्रीबाबांनी मग त्याला परत विचारले नाही. विचारायला हवे होते, मित्रांनो.

पुढच्या वर्षी राजाचे सैनिक आले. पाखंड्यांचा व्यापार बंद होत नाही, त्यांची पुस्तके घरोघर शिरतात, म्हणून राजाने ठरवले की तो सगळा किनाराच रिकामा करायचा. घरे, चर्च, कसाव्याच्या कंदांची शेते जाळायची आणि माणसे-गुरे हाकत राजधानीजवळ न्यायची. हुकूम ऐकून बायका चुलीपुढे नुसत्या बसून राहिल्या. तोरिब्यो आणि आणखी तीसेक गडी गुरे घेऊन डोंगरात गेले. जाताना तो बहिणीला म्हणाला, "तुझा शंख वाजल्याशिवाय मी उतरणार नाही. बाकी कुणी हाक मारली तरी नाही."

मधल्या काळात यूस्तचे गलबत लांबच्या खाडीत येऊन थांबले आणि तो तोरिब्योला भेटायला डोंगरात चढून आला. ब्रिआन्दाही तिथे भावाला भाकऱ्या द्यायला आली होती आणि मी तिच्या कमरेला होतो. यूस्त म्हणाला, "आमच्या राजपुत्राला आपला माना, आमचा पंथ घ्या. बंदुका देतो, त्यांत भरायला हवी तेवढी दारू देतो. एकही सैनिक वर येणार नाही."

"म्हणजे एकाचं जू काढून दुसऱ्याचं मानेवर घ्यायचं," तोरिब्यो म्हणाला. "कप्तान, तुमची सुई बरी आहे. ती कातड्यात जाते तेवढी पुरे. माझ्या आईला पुरताना म्हटलेली प्रार्थना मी बदलणार नाही."

"मग ते तुला मारतील."

"तुम्हाला माझी काळजी आहे की माझ्या कातड्यांची?"

यूस्त लालबुंद झाला, पण चिडला नाही. खरे तेच विचारले होते ना! दुसऱ्या दिवशी त्याने शिडे उभारली. कातडी विकणारे किनारे त्याला पुष्कळ होते.

डोंगरातल्या लोकांना पकडणे सैनिकांना जमेना. तेव्हा त्यांच्या कप्तानाने भर दुपारी चर्चपुढे लोक जमवले आणि मेल्चोरबाबांकडून माफीनामा वाचून घेतला. पाखंड्यांशी व्यापार केल्याचा सगळ्यांचा गुन्हा राजाने माफ केला आहे, डोंगरातल्यांनी संध्याकाळपर्यंत उतरावे, आपली गुरे घेऊन नव्या गावी यावे, असे त्यात लिहिले होते. जे उतरणार नाहीत त्यांच्यावर उद्या शिकारी कुत्री सोडणार होते. वस्तीच्या काठाला ती साखळीला बांधलेली होती. त्यांना दोन दिवस खायला दिले नव्हते.

कप्तान ब्रिआन्दाला म्हणाला, "तुझ्या शंखाने लोक उतरतात म्हणे. वाजव."

ब्रिआन्दाने मला छातीशी धरले. शंख वाजवला नाही तर कुत्री जाणार, वाजवला तर भाऊ या लोकांच्या हाती येणार. ती पाद्रीबाबांकडे वळली.

"बाबा, माफी खरी आहे?"

"कागदावर राजाची मोहोर आहे, बाई."

"मोहोर मला दिसतेय. माझ्या भावाला काही होणार नाही ना, ते विचारतेय. तुम्ही त्याचा बाप्तिस्मा केलाय."

मेल्चोरबाबांनी कप्तानाकडे पाहिले. मग आपल्या हातांकडे. माफीनाम्यात पाखंडी पुस्तकांचा उल्लेख नव्हता. पुस्तकाचा विषय काढावा, तर ते पाहूनही आपण कळवले का नाही, हा प्रश्न येणार. त्यातून वाइनचे बुधलेही निघणार. पुस्तक जाळले असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली असावी.

"व्यापार माफ आहे," ते म्हणाले. "बोलव त्याला."

तिने छाती भरून श्वास घेतला आणि दोन लांब फुंका मारल्या. मित्रांनो, तसा मी कधीच वाजलो नव्हतो. खोरेभर तो आवाज घुमत राहिला. पुढचे कळले असते तर मी तिथेच तडकलो असतो.

गडी एकेक करून उतरले. सैनिकांनी त्यांची नावे विचारली आणि त्यांना बाजूला बसवले, पाणीही दिले. ब्रिआन्दाच्या जिवात जीव आला. सगळ्यांत शेवटी तोरिब्यो आला, खांद्यावर गाठोडे आणि तोंडावर हसू.

"गलबत कुठंय, ताई? मला वाटलं, तू नवी सुई घेतलीस!"

"गप. माफी झालीय. तिकडे जाऊन बस."

एका सैनिकाने गाठोडे उलटे केले. सुकवलेले मांस पडले, सुरी पडली आणि मग ते पुस्तक. कप्तानाने पहिले पान वाचले. चिडल्याचे काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"व्यापाराची माफी आहे," तो म्हणाला. "याची नाही."

"साहेब, मला वाचता येत नाही."

"मग तुला वाचून कोण दाखवायचं? हे आणखी कुणी पाहिलंय?"

तोरिब्योने मेल्चोरबाबांकडे पाहिले. सगळ्यांनीच त्या नजरेच्या दिशेने पाहिले असते, पण त्याने ती लगेच खाली वळवली. "कुणी नाही," तो म्हणाला. "कोण बघणार? इथे अक्षर कुणाला कळतं!"

ब्रिआन्दा कप्तानाच्या पाया पडली, पुस्तक माझे आहे म्हणाली, शेवटी शिव्याही दिल्या. ज्या चौकटीवर ती कातडी ताणायची, तिच्याच आडव्या दांडीला त्यांनी त्याला फाशी दिले. ती त्याच्या पायांशी बसून राहिली. मी तिच्या मांडीवर होतो. वाऱ्याने माझ्या तोंडातून बारीक सूर निघायला लागला तेव्हा तिने तळहाताने मला झाकले.

दुसऱ्या दिवशी सान्ता रूफिना जळाली. डोंगर ओलांडताना अर्धी गुरे मेली, बरीच उधळून रानात गेली. राजधानीजवळच्या नव्या गावात माणसे तापाने पटापट गेली. तिथे एके दिवशी मेल्चोरबाबा ब्रिआन्दाच्या दाराशी आले. फार वाळले होते.

"त्यानं माझं नाव घेतलं नाही," ते म्हणाले.

"नाही घेतलं."

"मला क्षमा कर, बाई."

"क्षमा करणं तुमचं काम, बाबा. मला ते येत नाही. तुमच्याकडे मेणबत्ती आहे का?"

वेदीवरची उरलेली एकुलती एक मेणबत्ती त्यांनी आणून दिली. ब्रिआन्दाने ती वितळवली आणि गरम मेण माझ्या भोकातून आत ओतले, पार गच्च भरेपर्यंत. मग ती मला म्हणाली, "तुझा दोष नाही रे. पण आता पुरे." त्यानंतर मी वाजलो नाही.

पुढची बातमी गुराख्यांच्या तोंडून कानावर आली. पाखंडी येऊ नयेत म्हणून रिकाम्या केलेल्या आमच्या किनाऱ्यावर फ्रान्सचे लोक उतरले होते. त्यांत कितीतरी पाखंडीच होते. आमचीच रानात पळालेली गुरे मारून ते तिथे मांस भाजत होते. पुढे तिथे उसाचे मळे झाले आणि मळ्यांसाठी जहाजे भरभरून साखळदंडातली माणसे आली. गाव जाळून आमच्या राजाने फक्त त्यांच्यासाठी जागा मोकळी करून ठेवली होती.

आता मी एका काचेच्या कपाटात आहे. इथली माणसे मायेची आहेत. माझी धूळ ते मऊ कुंचल्याने पुसतात. काल त्यांच्यातला एकजण म्हणाला, "आतलं मेण काढू या का? वाजतो का बघू." बाकीच्यांना ते पसंत पडलेले दिसले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्यांना ओळखत असेल तर माझे एवढे काम करा. मला पुसा, जपा, उन्हात ठेवू नका, पण ते मेण तसेच राहू द्या. हाक ऐकून माणूस निमूट उतरून येतो. खाली त्याच्यासाठी काय मांडून ठेवले आहे, हे हाक मारणाऱ्याला तरी आधी ठाऊक असले पाहिजे. मला ते ठाऊक नव्हते. ब्रिआन्दालाही नव्हते. पाद्रीबाबांना होते.