सरताजची लेडीज खिडकी

“आंटी, बस थोडा सा मुस्कुराइए. लाइन वही. रोलिंग!”

रत्नप्रभा हसली. तिकीटखिडकीच्या जाळीआड स्टुलावर बसून, हातात गुलाबी तिकिटांचा गठ्ठा धरून ती समोरच्या कॅमेऱ्याला म्हणाली, “सरताज में औरतों को हमेशा इज्जत मिली. सरताज परिवार का शुक्रि...” आणि पुढचं तोंडातून निघेचना.

“कट. कोई बात नहीं, आंटी. एक और लेते हैं.”

कट म्हणणाऱ्या मुलीचं नाव पूर्वी. जाहिरात कंपनीनं तिला पाठवलं होतं. आडनाव दामले, पण जन्म इथलाच, चंदीगडचा, त्यामुळे मराठी समजायचं, बोलायची मात्र हिंदीच. सकाळी तिनं एका पिशवीतून नऊवारी आणि नथ काढून पुढे धरली होती. “आप महाराष्ट्र से हैं ना, तो कैमरे पर अच्छा लगेगा.” रत्नप्रभानं पिशवी तशीच परत केली. “बाळा, मी आयुष्यात नऊवारी नेसले नाही. आणि नथ घालून कोण तिकिटं फाडतं?” ती स्वतःच्या करड्या सुती साडीतच बसली होती.

खिडकीला कालच रंग दिलेला होता. फक्त खिडकीला. तिच्या दोन्ही बाजूंनी सरताज टॉकीज पोपडे धरून उभं होतं. इंडस्ट्रियल एरियाच्या कडेचं हे थिएटर लॉकडाऊनमध्ये बंद झालं ते उघडलंच नाही. पंधरवड्यानं उघडेल म्हणून सगळे घरी गेले होते. दिवाळीच्या सुमाराला रत्नप्रभा बघायला आली, तर फाटकाला नवं कुलूप आणि आत नवा वॉचमन. त्यानं विचारलं होतं, “माताजी, किससे मिलना है?” ती फाटकावरूनच परत फिरली होती.

आता इथं शोरूम्स येणार होती, वर फूडकोर्ट आणि खाली कॅफे. कॅफेत ही तिकीटखिडकी तशीच ठेवायची, अशी मालकांच्या नातवाची, जसकरणची, कल्पना. तिशीचा, लाघवी मुलगा. आल्या आल्या तो रत्नप्रभाच्या पाया पडला होता. जाहिरातीत जुन्या थिएटरचं एक माणूस बोलतंय असं त्याला हवं होतं, आणि जुन्यांपैकी शहरात उरलेली ती एकटीच.

शिवाय अनिकेतचं होतं. अनिकेत तिचा नातू, मेघनाचा मुलगा. हॉटेल मॅनेजमेंट करून वर्षभर घरी बसलेला. “कैफे खुलेगा तो सुपरवाइजर उसी को रखेंगे, पक्का,” असं जसकरण मेघनाला म्हणाला होता. म्हणूनच शिक्षिका असलेली मेघना आज शाळेतून रजा घेऊन आईबरोबर आली होती आणि कॅमेऱ्यामागे उभी राहून ओठांनीच ती ओळ म्हणत होती, लहान मुलाच्या गॅदरिंगला आलेल्या आईसारखी.

“रोलिंग!”

“सरताज में औरतों को हमेशा...” रत्नप्रभा थांबली. “माफ करा हं. पाणी.”

तेवढ्यात जनरेटर बंद पडला. दिवे गेले. जसकरण फोनवर ओरडू लागला. रत्नप्रभा खिडकीतून बाहेर आली आणि कुणाला न विचारता बाल्कनीच्या जिन्याकडे वळली.

“आई, कहाँ जा रही हो? गिरोगी!” मेघना मागोमाग धावली.

“पडत नाही. या पायऱ्या मला ओळखतात.”

वर दार नव्हतंच. बाल्कनीतल्या खुर्च्या भंगारात गेल्या होत्या. सिमेंटात त्यांचे बोल्ट तेवढे रांगेनं उभे होते. पडद्याच्या जागी लोखंडी चौकट, आणि चौकटीत कबुतरं. छताचा एक पत्रा उडालेला होता, तिथून दुपारचं ऊन सरळ खाली पडत होतं. या हॉलमध्ये रत्नप्रभानं ऊन कधी पाहिलं नव्हतं. ओल्या काथ्याचा वास मात्र तोच होता. ती मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिथून पुढच्या तीन रांगा तिच्या होत्या.

तिचा नवरा एअर फोर्समध्ये कॉर्पोरल होता. लग्न करून फलटणहून ती त्याच्याबरोबर इथं आली, आणि मेघना दोन वर्षांची असताना झीरकपूरच्या रस्त्यावर एका ट्रकनं त्याला उडवलं. दीर विश्राम न्यायला आला. “वहिनी, चला आता गावाकडं. इथं परमुलखात एकटी बाई काय करणार?” गावाकडं काय होतं ते तिला ठाऊक होतं. जावेच्या स्वयंपाकघरातला एक कोपरा आणि मेघनाची दहावीनंतर सोयरीक. ती म्हणाली, “भाऊजी, तुम्ही जेवून निघा. मी राहते.” विश्राम जेवला नाही.

महिनाभरानं तिनं सरताजमध्ये गेटकीपरची नोकरी धरली. पेन्शन होती, पण भाडं देऊन मूल वाढवण्यापुरती नव्हती. ओळखीच्या मराठी घरांत कुजबुज झाली. थेटरात नोकरी? पुरुषांच्या गर्दीत? गणपतीच्या आरतीला बायका तिच्याशी जरा सरकून उभ्या राहू लागल्या. तिनं आरतीला जाणं सोडलं नाही. उलट पुढे जाऊन उभी राहायची.

तेव्हा सरताजला बायका येतच नसत. कारखान्यातून सुटलेले पुरुष, शिट्ट्या, विड्यांचा धूर. आलीच एखादी तर नवऱ्याच्या दंडाला धरून. रत्नप्रभानं बड्या सरदारजींना, जसकरणच्या आजोबांना, सांगितलं, “मला एक वेगळी खिडकी द्या आणि बाल्कनीच्या मागच्या तीन रांगा. तिथं फक्त बायका बसतील.” सरदारजी हसले. “बैठेगा कौन, रतन? खाली रहेंगी.” पहिल्या शुक्रवारी रांगा रिकाम्या राहिल्या. दुसऱ्या शुक्रवारी रामदरबार वस्तीतल्या चार जणी आल्या. मग बल्बच्या कारखान्यातल्या पोरी, पुढे सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलातल्या नर्सा, ड्यूटी संपवून, पायातले बूट काढून खुर्चीवर मांडी घालून बसणाऱ्या. एकट्या यायच्या. एकट्या बाईनं सिनेमा बघावा, मध्येच झोपावं, रडावं, समोसा खावा आणि घरी जावं, एवढीच गोष्ट. त्या शहरात ती दुसरीकडे कुठं होत असेल तर रत्नप्रभाला माहीत नव्हतं. खिडकीवरची तिकिटं देऊन झाली की ती वर येऊन टॉर्च घेऊन या भिंतीशी उभी असायची.

“मेघना, तू दहावीला होतीस तेव्हा मी घरी बसले होते, आठवतं?”

“तू बीमार थी,” मेघना म्हणाली.

“आजारी नव्हते. काढलं होतं मला.”

“निकाला? क्यों?” मेघना जवळ आली.

“एका मोठ्या साहेबाचा मुलगा, दोन मित्र घेऊन इथं येऊन बसला. या रांगेत. नर्सा होत्या पुढे. एकीची वेणी ओढली, दुसरीला काय ते बोलला. मी उठ म्हटलं, उठेना. मग मी टॉर्च त्याच्या तोंडावर धरला आणि वर ऑपरेटरला ओरडले, पिक्चर बंद कर. सगळ्या थेटरात दिवे लागले. सातशे माणसं वळून त्याच्याकडं बघायला लागली. गेला उठून. पण जाताना म्हणाला, बघून घेतो.”

“फिर?”

“दुसऱ्या दिवशी सरदारजींनी बोलावलं. म्हणाले, रतन, साहेबांच्या घरी जाऊन माफी माग, लायसन्सचा प्रश्न आहे. मी म्हटलं, चुकले असते तर मागितली असती. ते म्हणाले, मग उद्यापासून येऊ नकोस.”

“तूने मुझे कभी बताया क्यों नहीं?”

“तुझी परीक्षा होती. आणि काय सांगू? उद्या काय शिजवायचं ते मलाच माहीत नव्हतं.”

त्या शुक्रवारी नवा सिनेमा लागला. लेडीज खिडकीत पुरुषाचा हात दिसला. बायका आल्या, हात बघितला, विचारलं, रतन कुठं आहे, आणि परत गेल्या. भांडल्या नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. नुसत्या परत गेल्या. पुढच्या शुक्रवारीही तेच. मग एका सकाळी सरदारजींची स्कूटर रत्नप्रभाच्या दारात आली. ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “चल पुत्तर, शो दा टैम हो गया.” तिनं विचारलं, “वो लड़का फिर आया तो?” सरदारजींनी दाढी खाजवली. “तो फिर टॉर्च मार.”

खालून जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला. “आंटी! रेडी!” पूर्वीनं हाक मारली.

मेघनानं आईचा दंड धरला. आता ती मराठीत बोलली, अडखळत, पण मराठीत. “आई, मला कळलं. खरंच. पण एकच वाक्य आहे. बोलून टाक. अनिकेत रात्री जागा असतो, माहितीय ना तुला?”

“माहितीय.”

“मग?”

“बोलते. चल.”

आणि तिला खरंच बोलायचं होतं. जिना उतरताना ती ओळ मनात घोळवत होती. सोपी तर ओळ होती. अनिकेतचा ओढलेला चेहरा तिनं डोळ्यांसमोर आणला. स्टुलावर बसली, गठ्ठा हातात घेतला, हसली.

“रोलिंग!”

“सरताज में औरतों को इज्जत मिली नहीं थी,” रत्नप्रभा म्हणाली. “ली थी.”

तिनं हसू पुसलं नव्हतं.

“खिडकी भी मिली नहीं थी. मांगी थी. और जब छीन ली, तो रामदरबार की, फैक्टरी की, अस्पताल की औरतों ने टिकट लेना बंद किया, तब वापस आई. बड़े सरदारजी अच्छे आदमी थे. आखिर में दरवाजे पर आए, ये उनका बड़प्पन. लेकिन शुक्रिया बोलना है तो उन औरतों का बोलूंगी. नाम भी बोल सकती हूं.”

“कट,” पूर्वी हळूच म्हणाली.

जसकरण पुढे आला. रागावलेला नव्हता, थकलेला दिसत होता. जाळीपाशी वाकून तो म्हणाला, “आंटीजी, ये ऐड है. दुकानें बेचनी हैं. हिस्ट्री नहीं चाहिए मुझे. दो लाइन बोल दो, प्लीज. अनिकेत वाली बात भी मैंने ऊपर कर रखी है.”

“बेटा, थेटर तेरा है. गिरा, दुकान लगा, मैं रोकने वाली कौन? पर मेरे मुंह में जो बात डालेगा वो सच्ची होनी चाहिए. मुंह मेरा है.”

“फिर मैं कुछ नहीं कर पाऊंगा.”

“मत कर.”

तो वळून म्हणाला, “पूर्वी, कांचनजी को बिठा दो. लाइन वो बोल देंगी.”

कांचन म्हणजे मेकअप करणारी बाई. पन्नाशीची, गोड चेहऱ्याची. तिच्या केसांना पांढरा रंग लावायला सुरुवात झाली. रत्नप्रभानं गठ्ठा स्टुलावर ठेवला आणि बाहेर आली. कांचन ओशाळून म्हणाली, “बहनजी, बुरा मत मानना.”

“तुम्हारा काम है. बैठो. स्टूल डगमगाता है, संभलके.”

मेघना कोपऱ्यात पाठ करून उभी होती. रत्नप्रभा जवळ गेली तरी ती वळली नाही.

“एक वाक्य होतं, आई.”

“हो.”

“मी आता अनिकेतला काय सांगू?”

“मी सांगते. त्याला वाईट वाटेल, माझ्यावर चिडेल. चिडू दे. धडधाकट आहे, दुसरीकडे उभा राहील. नाही राहिला तर मी आहे, तू आहेस.” ती थांबली. “तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा विचारलं होतंस, आई, मैत्रिणींना काय सांगू, तू काय करतेस? मी म्हटलं, ऑफिसात आहे म्हण. ते मी तुला शिकवलं. आज पुन्हा तसलंच बोलायला नको वाटलं.”

मेघनानं डोळे पुसले. राग गेला नव्हता. जबडा तसाच आवळलेला होता. पण तिनं आईची पिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला लावली.

खिडकीत कांचन बसली. दिवे लागले. समोरच्या पायऱ्यांवर कॅमेरा आला. वॉचमननं हात आडवा केला. “माताजी, पीछे वाले गेट से. आगे शूटिंग चल रही है.”

सरताजचा स्टाफ कायम मागच्याच फाटकानं यायचा. समोरच्या पायऱ्या प्रेक्षकांच्या, आणि मालकांच्या. रत्नप्रभा सवयीनं मागे वळलीसुद्धा.

“सामने से जाएंगी,” मेघना म्हणाली. आवाज शाळेतला होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. “हाथ हटाइए.”

वॉचमननं जसकरणकडे पाहिलं. जसकरणनं फोनमधून मान वर केली नाही. हात खाली आला.

कॅमेरा चालू होता. कांचन म्हणत होती, “सरताज में औरतों को हमेशा...” आणि कॅमेरा आणि खिडकी यांच्या मधून रत्नप्रभा पायऱ्यांकडे निघाली. कांचन थांबली. पूर्वीनं तळहात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि स्वतः एक पाऊल मागे सरकली.

मेघनानं आईचा हात धरायला हात पुढे केला.

“धरू नको,” रत्नप्रभा म्हणाली. “नुसती बरोबर चल.”

पायऱ्या रुंद होत्या आणि तिचा डावा गुडघा नीट वाकत नव्हता. ती एकेक पायरी उतरत राहिली, मध्ये एकदा थांबून पदर सारखा केला, पुन्हा उतरली. दिवे तिच्या पाठीवर होते. तेवढा वेळ सगळे थांबले.