पहिल्या प्रकरणाला हात नको

छापखान्यात तिला सगळे घार म्हणायचे. चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ तिला टेबलापलीकडूनही दिसायचा, आणि दिसला की तो दुरुस्त केल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. अठरा वर्षं ती मुद्रितं तपासत होती. तिच्या जिवावर मालक निर्धास्त होता.

त्या दिवशी पंडितसर फाइल घेऊन आले आणि तिचं पेन जागच्या जागी थांबलं. तीस वर्षं झाली म्हणून काय, ते नाकातलं बोलणं ती विसरणार होती? शाळेत ते संस्कृत शिकवायचे. पहिल्याच तासाला त्यांनी तिला उभं करून बापाचा धंदा विचारला होता. "चपला शिवतो," ती म्हणाली. सरांनी पायातली तुटकी चप्पल तिच्यापुढे सरकवली. "मग दाराबाहेर बस आणि ही शिव. ज्याने त्याने आपापलं काम करावं, त्यातच सगळ्यांचं भलं!" वर्ग फिदीफिदी हसला. वर्षभर तिची जागा दाराबाहेरच राहिली. आतला धडा ती कान टवकारून ऐकायची आणि घरी येऊन घोकायची. आपल्याच शाळेत चोरून शिकली पोर! बापाला मात्र तिने अवाक्षर सांगितलं नाही. आपली लेक सरांकडे संस्कृत शिकते, म्हणून तो बिचारा आळीभर मिरवत होता.

सरांचं पुस्तक होतं चार वर्णांच्या कर्तव्यांवर. दुसरं काय असणार! मालकाने कौतुकाने तिची ओळख करून दिली. सरांनी आडनाव विचारलं, तिने सांगितलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. ते मालकाकडे वळले. "पहिल्या प्रकरणात शास्त्रवचनं आहेत. त्याला हिचा हात नको. ते मी स्वतः तपासीन. पुढचे काना-मात्रे बघू दे हिला."

"हो सर, तुम्ही म्हणाल तसं," मालक म्हणाला. त्या माणसाच्या पाठीला कणा कधी नव्हताच.

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. मेल्या, केस पांढरे झाले तरी तू तसाच, ती मनात म्हणाली.

चार दिवसांनी पहिलं प्रकरण प्रिंटरमधून बाहेर पडलं. हात लावायची बंदी होती, डोळ्यांना कोण अडवणार? पहिल्या वर्णाची सहा कर्तव्यं ओळीने दिली होती. अध्ययन, मग अधःपतन, मग यजन. टाइप करणाऱ्याने 'अध्यापन'चं 'अधःपतन' करून ठेवलं होतं! शिकवणं हे ज्यांचं कर्तव्य, त्यांनी म्हणे रसातळाला जावं. तिचा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. चूक दिसते आहे आणि खोडायची नाही, म्हणजे जिवाला नुसता घोर. पण तिने पेनाला टोपण लावलं आणि सरळ चहा प्यायला गेली.

सर मुद्रित तपासायला आले तेव्हा ती डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्या पानावर नजर ठेवून होती. नको बघूस म्हाताऱ्या, तो शब्द तेवढा नको बघूस! सरांना सगळं तोंडपाठ. डोळे मिटल्यासारखे करून ते वचनं म्हणत गेले, पानं उलटत गेले आणि प्रत्येक पानावर झोकदार सही ठोकत गेले.

पुस्तकाच्या पाचशे प्रती छापून झाल्या. पन्नास प्रती प्रकाशन समारंभाला गेल्या. तीही गेली, शेवटच्या रांगेत बसली. पाहुण्यांनी पहिलं प्रकरण उघडलं आणि खणखणीत आवाजात सहाही कर्तव्यं वाचली. सभागृह असं काही हसलं की बोलायची सोय नाही. ती हसली नाही. तिने सरांचं तोंड पोटभर बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर छापखान्यात थडकले. "हिनेच केलं हे! हिला आत्ताच्या आत्ता काढून टाका!"

तिने सहीचं पान टेबलावर ठेवलं. "सही कुणाची आहे, सर?"

सर मटकन खुर्चीत बसले. "तुला दिसलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"मुद्दाम. तुमची फजिती बघायची होती मला. माझा बाप मरेपर्यंत समजत होता, की तुम्ही मला शिकवलंत."

सर मालकाला म्हणाले, उरलेल्या प्रती जाळून टाका. पण आयुष्यात पहिल्यांदाच मालकाला कंठ फुटला. "जाळायच्या कशाला? हाताने दुरुस्त करा, सर. पण बाईंनी तपासल्याशिवाय इथून एक प्रत बाहेर जाणार नाही."

सही त्यांचीच, तेव्हा नव्या छपाईचा खर्चही त्यांच्याच माथी आला असता; मग सर गठ्ठ्यांपाशी बसले. चुकीचा शब्द खोडायचा, वर नीट 'अध्यापन' लिहायचं, आणि उठून प्रत तिच्या टेबलावर ठेवायची. दुपारपर्यंत त्यांची बोटं शाईने माखली. सत्तेचाळिसावी प्रत तिने उघडली, बघितली आणि त्यांच्याकडे परत सरकवली.

"काना राहिला. पुन्हा लिहा."

सर मुकाट्याने प्रत घेऊन गेले. तिचं मन निवलं का? छे! अजून चारशे प्रती बाकी होत्या, आणि तिला मुळीच घाई नव्हती.