डॉलरवरचे ओरखडे

चार वाजता मिस्टर स्टॉफर येणार म्हणून अर्लीनने सकाळीच चांदीचे चमचे घासून ठेवले होते. पाहुणा येणार आणि टेबलावर काळवंडलेला चमचा, हे लँकेस्टरच्या त्या घरात चालतच नसे. तिची लेक जोआना मात्र अडीच महिन्यांच्या नेलला खांद्यावर थोपटत घड्याळाकडे बघत होती. सोमवारी तिची बाळंतपणाची रजा संपत होती. वडिलांनी तिच्या नावाने ठेवलेला १७९५ सालचा चांदीचा डॉलर बऱ्या भावाला गेला, तर आणखी सहा महिने नेलला सोडून इस्पितळात कामावर जायला नको.

स्टॉफर म्हणजे वडिलांचे जुने दोस्त, जुनी नाणी घेणारे-विकणारे. आले, काकवीच्या केकचा तुकडा संपवला, भिंग काढलं. अर्लीनने कौतुकाने डबी उघडली.

नाणं आरशासारखं लखलखत होतं.

"आई! हे काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? काळंकुट्ट झालं होतं ते. चमच्यांबरोबर घासून काढलं, सोडा लावून. माणूस किंमत करायला येणार, त्याला असलं कळकट दाखवायचं?"

"बाबा किती वेळा सांगायचे, हात लावू नका म्हणून!"

"तुझे बाबा मोज्यांनाही हात लावू द्यायचे नाहीत. ऐकत बसले असते तर घरात राहवलं असतं का?"

स्टॉफर हसले नाहीत. नाणं कडेने धरून त्यांनी दिव्याखाली बराच वेळ फिरवलं. "अर्लीन, अगं, दोनशे वर्षांनी चढवलेली काळी कांती तू एका सकाळी उतरवलीस. तिचेच तर जास्त पैसे मिळतात."

"पण ते आडवे ओरखडे काही निघाले नाहीत," अर्लीन ओशाळून म्हणाली. "तासभर घासत होते मी."

"ते कसे निघतील? ते टांकसाळीतलेच. चकती वजनाला जड भरली की बायका कानशीने घासून बरोबर करायच्या आणि मग ठसा उमटायचा. त्या ओरखड्यांचे मी फार पैसे कापले नसते. हे बारीक चरे मात्र तुझे." मग त्यांनी आकडा सांगितला.

जोआनाने मनातल्या मनात त्याला आपल्या आठवड्याच्या पगाराने भागलं. तीन आठवडे. सहा महिन्यांचे तीन आठवडे!

तिला ओरडायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण टेबलावर आईची बोटं अजून काळी होती, नखांच्या कडेत सोडा अडकलेला.

"मला वाटलं, चकचकीत दिसलं तर तुला दोन पैसे जास्त येतील," अर्लीन पुटपुटली. "नेलला मी सांभाळेन गं."

"माहीत आहे गं," जोआना म्हणाली. नेमकं तेच तर तिला नको होतं.

तिने नाण्यावरून नख फिरवलं. आडवे ओरखडे नखाला लागले, एक, दोन, तीन. कानस चालवणारी ती बाई सकाळी आपलं मूल कुणाच्या कुशीत ठेवून निघत असेल?

नेल जागी होऊन कुरकुरायला लागली. जोआनाने नाणं स्टॉफरांपुढे सरकवलं.

"लिहा पावती," ती म्हणाली. "तीन आठवडे तर तीन आठवडे."