रिकाम्या हौदाचे अकरा दिवस

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हौद आहे. फान थिएट या मासेमारी बंदराच्या खालच्या किनाऱ्यावर, थोआ मावशींच्या शेडमध्ये उभा आहे. उंची दोन पुरुष. वास त्याहून उंच. माझ्या पोटात तीन भाग मासळी आणि एक भाग मीठ वर्षभर मुरते आणि खालच्या तोटीतून तांबूस खारा रस थेंबथेंब पडतो. त्याच्याशिवाय इकडे कुणी भाताला हात लावत नाही.

मावशींच्या आजेसासऱ्यांनी मला बेचाळीस फळ्या जोडून बांधले. अंगात एकही खिळा नाही, फक्त वेताचे पाच वेढे. फ्रेंच साहेब माझ्याजवळून नाक दाबून जात; कर मात्र दोन्ही हातांनी नेत. लढाईत घरचे पळाले, पण मला भरून पळाले. नंतर सहकारी संस्था आली आणि मी सर्वांचा झालो. म्हणून सात वर्षे माझे झाकण कुणीच दुरुस्त केले नाही. हे सगळे मी सोसले, कारण मी कधी रिकामा नव्हतो.

मग माझा सन्मान झाला.

शेडच्या जागी हॉटेल येणार होते. वारसा समितीचे दोआन साहेब म्हणाले, "मावशी, हौद वारसा ठरला की शेडला कुणी हात लावणार नाही. फक्त तो रिकामा करून धुवा. पाहुणे येणार, वास बरा दिसत नाही."

"अहो, तो वासच तर वारसा आहे!"

"तो कागदावर घेतलाय आम्ही."

"रिकामा ठेवला तर फळ्या आकसतील, साहेब. वेढे सुटतील."

"अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे. शंभर वर्षं उभा आहे तो."

"भरलेला उभा आहे."

पण शेड वाचवायची होती. मावशींनी मला रिकामे केले.

तिसऱ्या दिवशी माझ्या फळ्यांमधून उजेड आत आला. जन्मात प्रथमच मी स्वतःचे पोट पाहिले. पाचव्या दिवशी वरचा वेढा घसरला. शेजारची मिएन म्हणाली, "काय मावशी, यंदा मासळीऐवजी हौदच वाळवताय?" मावशी हसल्या नाहीत. त्या मला ओली पोती गुंडाळत. साहेब ती काढायला लावत, कारण फोटोत पोती येत होती. सातव्या दिवशी त्यांनी पितळी पाटी आणली.

"ठोकू नका, बांधा हो!"

"बांधलेली पाटी चोरीला जाते, मावशी."

माझी फळी दोन इंचांची, खिळे तीन इंचांचे. चार ठोकले. नवव्या दिवशी दुसरा वेढा सुटला.

अकराव्या दिवशी पाहुणे आले. भाषण सुरू झाले आणि माझी एक फळी कट्कन वाजली. "वारसा किती भक्कम असतो पाहा," असे म्हणत प्रमुख पाहुणे मला टेकले. तिसरा वेढा सरकू लागला. मी फुटलो, तर वारशाच्या कागदावर सही होणार नव्हती आणि शेड जाणार होती.

मावशी शिडीवर चढल्या. मिएनने खाली खाऱ्या पाण्याच्या बादल्यांची रांग लावली होती.

"मावशी, हे कार्यक्रमात नाही!" साहेब कुजबुजले.

"मग घाला. पारंपरिक पद्धतीचं प्रात्यक्षिक म्हणा."

साहेबांनी तसे जाहीर केले. टाळ्या पडल्या. माझ्या फटीफटींतून पिचकाऱ्या उडाल्या, पाहुण्यांचे बूट भिजले. पाहुणे आणखी खूश झाले.

"किती बादल्या अजून?"

"तो पिऊन फुगेपर्यंत. बूट काढा आणि लागा रांगेत."

साहेबांनी बूट काढले. सही ओल्या कागदावरच झाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या फळ्या एकमेकींना भिडल्या आणि मावशींनी जागेवर चढवलेले वेढे पुन्हा आवळले.

आता मी भरलेला आहे. कुठेही गळत नाही. फक्त 'अमूल्य वारसा' असे जिथे लिहिले आहे, तिथे चार जागी पाझरतो. मावशींनी खाली चार वाट्या ठेवल्या आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपायचे असेल, तर तिच्या पोटात काम असू द्या. आणि सन्मान करायचाच असेल, तर सुतळीने बांधा.