बारीक दिवे

घात केला तो 'बारीक' या शब्दाने.

"अरे, स्वयंपाकघरात मला बारीक करता येईल असा दिवा हवाय," असं आईने मुलाला फोनवर सांगितलं होतं. मुलगा राहायला दुसऱ्या शहरात. त्याच्या एका कानाला आई होती आणि दुसऱ्या कानाला साहेब. त्याने ऐकलं त्यातलं निम्मं, आणि वायरमनला कळवून टाकलं, "आईला बारीक दिवे हवेत."

वायरमनला सगळी गल्ली 'झटका' म्हणे. त्याच्या मते हे नाव त्याला काम झटक्यात उरकण्यामुळे पडलं होतं. गल्लीचं मत जरा वेगळं होतं. आधीच्या आठवड्यात त्यानेच आईच्या सांगण्यावरून दिव्याला पंख्याचा रेग्युलेटर जोडून पाहिला होता. बटण फिरवलं की पंखा हळू होतो, मग दिवा का नाही होणार? दिवा हळू झाला नाहीच, उलट डोळे मिचकावायला लागला. तेव्हा आई स्वतः दिव्यांच्या दुकानात गेली. तिथल्या पोरीने विचारलं, "वॉर्म की कूल?" आई म्हणाली, "बाई गं, गरम-गार नको, कमी-जास्त दाखव." तेव्हा कळलं की अशा बटणाला डिमर म्हणतात आणि त्याला चालणारे दिवेही वेगळे मिळतात. ते परकं नाव तिने घरी येईपर्यंत घोकलं आणि दाराचं कुलूप उघडता उघडता विसरली. म्हणून मग फोनवर आपला घरचा शब्द वापरला, बारीक. गॅस बारीक करतो तसा दिवा बारीक.

हे सगळं कशासाठी, ते मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा जन्मभर बसमध्ये कंडक्टर होता. भरल्या गाडीत कोणाचं तिकीट काढायचं राहिलंय ते नुसत्या चेहऱ्यावरून ओळखणारा माणूस. आता त्याला स्वतःच्या सख्ख्या भावाचा चेहरा ओळखू येत नव्हता. दिवसा बरं चाले. पण संध्याकाळ झाली, बाहेर काळोख पडला, की स्वयंपाकघराच्या खिडकीत एक म्हातारा येऊन बसे. जेवायचं टेबल खिडकीला टेकूनच होतं. ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर, त्यामुळे काचेत नुसतं डोकं आणि खांदे दिसत, खाली सगळा अंधार. नवरा घास उचलायचा, त्या म्हाताऱ्याकडे बघायचा आणि घास खाली ठेवायचा.

"अगं, बाहेर माणूस आहे. उपाशी आहे. त्याला दे आधी."

"अहो, ते तुम्हीच आहात," पहिल्या दिवशी ती म्हणाली होती. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू वेड त्याला नाही, तिला लागलंय. तिने पुन्हा तसं म्हणायचं नाही म्हणून कानाला खडा लावला.

पडदा लावला, तर "थंडीत उभा आहे बिचारा" म्हणून तो उठून पडदा सारायचा; एकदा तर ओढताना कडीच तुटली. टेबल हलवलं, तर ताट उचलून खिडकीपाशी जायचा. उजेड असतानाच जेवू घालावं, तर दिवे लागल्याशिवाय रात्रीचं जेवायची त्याला सवय नव्हती. दिवा पार बंद केला तर काचेतला माणूस जाई, पण ताटातला भातही जाई आणि त्याचा हात पाण्याच्या पेल्यात पडे. तिने हात टेकले. तेव्हा तिच्या मनाने घेतलं, की दिवा थोडा मंद करता आला पाहिजे. काचेतला माणूस दिसू नये आणि ताटातला भात दिसावा, एवढाच.

तो वाळत चालला होता. कमरेचा पट्टा आता शेवटच्या भोकावर होता. मागच्या खेपेला डॉक्टरांनी वजन बघून मान हलवली आणि मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "आई, पुढच्या वेळी आणखी उतरलं, तर बाबांना एखाद्या शुश्रूषागृहात ठेवू. तिथे नर्स असतात, जेवू घालतात." तो वाईट नव्हता. काळजीनेच बोलत होता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नव्हतं. आई एवढंच म्हणाली, "भूक मंदावलीय त्यांची, येईल हळूहळू." खिडकीतल्या माणसाचं तिने पोटातच ठेवलं. ते कळलं असतं, तर मुलाने त्याच दिवशी बॅग भरली असती.

काम झालं त्या दुपारी ती नवऱ्याला घेऊन बागेत बसली होती, कारण ड्रिलच्या आवाजाने तो बिथरे. परत आली तर ट्यूब गायब, आणि टेबलाच्या बरोब्बर वर छतात ओळीने भोकं. प्रत्येक भोकात बाटलीच्या बुचाएवढा एकेक दिवा. झटक्याने ऐटीत बटण दाबलं. आईचे डोळेच दिपले. टेबलावर सांडलेली साखर कणाकणाने मोजता आली असती.

"दिवे लावलेस हो!" आई म्हणाली.

"मग! बारीकच आहेत ना काकू? याहून बारीक अख्ख्या बाजारात नाहीत."

"अरे देवा! दिवा बारीक नको होता रे, उजेड बारीक करायचा होता."

"उजेड कसा बारीक होईल?"

"तू गॅस बारीक करत नाहीस?"

"करतो. पण तो गॅस आहे काकू."

शेवटी आईने दुकानात पाहिलेलं ते बटण हवेत फिरवून दाखवलं, तेव्हा कुठे झटक्याच्या डोक्यात उजेड पडला. डिमर उद्या आणतो म्हणून झटका निघून गेला. पण उद्याचा काही उपयोग नव्हता. कारण मुलगा आजच येणार होता, जेवायलाच. एरवी अंधुक दिसणारा तो माणूस आज लख्ख दिसणार, नवरा ताट पुढे सरकवणार, आणि तेही मुलाच्या डोळ्यांदेखत. तिला रडूच आलं. इतके दिवस एक गोष्ट झाकून ठेवायला ती धडपडली होती, आणि आता तिच्यावरच दिव्यांची अख्खी रांग.

मुलगा आला, बुटांसकट स्वयंपाकघरात शिरला, वर बघून म्हणाला, "वा! आता कसं स्वच्छ दिसतंय."

"दिसतंय खरं," आई म्हणाली.

तिने मेणबत्ती शोधली, सापडली नाही. दिवाणखान्यात जेवूया का म्हणून पाहिलं, तर नवरा नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसलासुद्धा. बाहेर काळोख झाला होता. मग तिने देवावर हवाला ठेवला आणि वाढलं. भात, उकडलेले बटाटे, वर थोडं लोणी. मुलगा शेजारी बसला आणि ऑफिसातलं काही सांगू लागला. आई डाव घेऊन उभी होती. ती ऐकत नव्हती, नवऱ्याच्या हाताकडे बघत होती.

हात उचलला गेला. नजर खिडकीकडे गेली. हात थांबला.

"आलाय," नवरा म्हणाला.

"कोण आलाय बाबा?" मुलाने मागे वळून दाराकडे पाहिलं.

"तिकडे नाही. हा काय, बाहेर. रोज येतो. उपाशी असतो."

मुलाने खिडकीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि मग आईकडे. आईने मान खाली घातली. तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला सगळं समजलं. भूक का मंदावली, पडद्याची कडी का तुटली, दिवा कशाला बारीक करायचा होता, सगळं.

"आई, तू मला..." तो हळूच म्हणाला.

"काय सांगू रे? सांगितलं असतं तर नेलं असतंस."

तो नाही म्हणाला नाही. लबाड नव्हता तो.

तेवढ्यात नवरा पुढे वाकला. टेबलावर दोन्ही कोपरं टेकून त्याने काचेत निरखून पाहिलं. एवढ्या उजेडात आज काचेत फक्त डोकं आणि खांदे नव्हते. टेबल होतं, पेला होता, आणि त्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात वाफाळतं ताट होतं.

"अरे!" नवरा म्हणाला. "याला वाढलंय की!"

तो आणखी थोडा पुढे सरकला.

"भात आहे. बटाटेसुद्धा आहेत." त्याचा आवाज असा मोकळा झाला होता, की आईला त्याच्या तरुणपणीची आठवण झाली, शेवटचा प्रवासी गाडीत चढला की दोरी ओढून घंटा मारणाऱ्या कंडक्टरची. "मग जेव की बाबा. बघतोस काय माझ्याकडे?"

म्हातारा जेवेना. तोही वाट बघत होता. तेव्हा मुलगा खुर्ची पुढे ओढून, अगदी सहज बोलल्यासारखा म्हणाला, "बाबा, तो लाजतोय. तुम्ही सुरू केलंत की तो करेल."

नवऱ्याने घास उचलला. पलीकडच्याने उचलला. नवऱ्याने तोंडात घातला आणि चावता चावता समोरच्याला मान हलवून दाद दिली. तिकडूनही दाद आली. मग दुसरा घास, तिसरा. आईने न विचारता आणखी भात वाढला, त्याने नको म्हटलं नाही. मुलाने तोंड फिरवून रुमाल काढला आणि दिवे फार डोळ्यांवर येतात असं काहीतरी पुटपुटला. आईचा जीव इतक्या दिवसांनी भांड्यात पडला होता, पण ती अजून हलायला धजत नव्हती. हललं की हे सगळं जाईल, असं तिला वाटत होतं.

"आई, डिमर राहू दे," मुलगा म्हणाला. "आणि त्या नर्सबिर्सचं... आपण नंतर बघू. मी शनिवारी येत जाईन जेवायला."

नवऱ्याचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तो जेवता जेवता थांबला होता आणि काचेत जरा बाजूला, म्हाताऱ्याच्या खांद्यामागे बघत होता.

"आता काय झालं हो?"

"त्याची बायको," नवरा दबक्या आवाजात म्हणाला, परक्याच्या घरातलं बोलावं तसं. "मघापासून डाव घेऊन उभी आहे बघ. किती दमलीय ती. तिला कुणी बस म्हणत नाही का गं?"

आईने काचेत पाहिलं. खरंच, फार दमली होती ती बाई. तिने डाव खाली ठेवला, नवऱ्याशेजारची खुर्ची ओढली आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.

"बसली," नवरा म्हणाला, आणि पुढचा घास घेतला.