जाळीच्या लिफ्टमध्ये भरलेली सभा

मित्रांनो, नाशिकच्या पंचवटीत एक सहा मजली इमारत आहे आणि त्या इमारतीची मी जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट आहे. मला बोलण्याची फारशी सवय नाही. दार उघडे राहिले की मी "कृपया दरवाजा बंद करा" एवढेच म्हणते आणि तेही बहुधा नको त्या वेळी. त्यामुळे माझी हकिगत मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच वाटते. तरी प्रयत्न करते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापून, वाकवून, रंगवून मला घडवले. इथे आणून लोखंडी दोरांना टांगले, तेव्हा मी फार घाबरले होते. पहिल्या दिवशी रहिवाशांनी मला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. "गुडघ्यांची काळजी मिटली!" असे सगळे म्हणाले. पहिल्या मजल्यावरचे कारभारी नावाचे गृहस्थ तेवढे गप्प होते. "मी जिन्यानं जातो, मग लिफ्टचा मेंटेनन्स मी का भरायचा?" हा प्रश्न ते पुढे प्रत्येक सभेत विचारू लागले. खरे सांगते, मला तो बरोबरच वाटे.

हळूहळू कौतुक ओसरले. माझा पंखा बिघडला, तो तसाच राहिला. कोणी किल्लीने बटणे दाबी, कोणी कोपऱ्यात पिचकारी मारी. मी मात्र चालत राहिले. माणसांना त्यांच्या दारापर्यंत पोचवणे मला आवडते.

पुढे इमारतीत अनोळखी माणसे दिसू लागली. कोणी गोदावरीच्या स्नानाला आलेले, कोणी त्र्यंबकला पूजेसाठी चाललेले. चौथ्या मजल्यावरच्या लताबाई त्यांना आपली एक खोली रोजाने, म्हणजे दिवसाच्या भाड्याने देत. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच होत्या आणि त्या खोलीवर त्यांचे घर चाले. सहाव्या मजल्यावरचा एक फ्लॅटही असाच रोजाने जाई, पण त्याचा मालक परगावी राही. तिथे सुट्टीच्या दिवशी वाइनरी पाहायला आलेली मुले उतरत, मोठमोठ्याने गाणी लावत आणि जाताना रिकाम्या बाटल्या माझ्यात ठेवून जात.

"इमारत आहे की धर्मशाळा?" तिसऱ्या मजल्यावरचे खंडेराव माझी जाळी आपटत म्हणत. ते सोसायटीचे चेअरमन होते.

त्याच सुमारास महापालिका घरे रोजाने देण्याचे नियम करायला निघाली होती. नियम करण्याआधी रहिवाशांना विचारायचे, असे ठरले होते. त्यासाठी निकिता नावाची तरुण अधिकारी एका रविवारी संध्याकाळी आमच्याकडे आली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. मी तळमजल्यावर उभी होते, म्हणून मला सगळे दिसले.

खंडेराव उठले. "आमचं म्हणणं एकच. रोजानं घर देणं बंद! सगळ्यांचं हेच आहे. काय हो?"

कोणी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. लताबाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्यांच्यादेखत त्यांच्याविरुद्ध कोण बोलणार? आणि चेअरमनच्या देखत लताबाईंच्या बाजूने तरी कोण बोलणार? माणसे मुकाट्याने चिवडा खात राहिली. लताबाईंनी मान वर केली नाही. हेच मत महापालिकेकडे लिहून गेले, तर त्यांना इथून जावे लागेल, एवढे मलाही कळत होते.

सभा उठली. निकिताला सहाव्या मजल्यावरचा तो फ्लॅट पाहायचा होता, म्हणून ती माझ्यात शिरली. पाठोपाठ पाचव्या मजल्यावरच्या मैनाताई आल्या. जाळी लागली, मी निघाले आणि मैनाताईंना कंठ फुटला.

"खाली कसं बोलणार हो? लताकाकूंकडून विरजण नेते मी! त्यांच्या पाहुण्यांनी गडबड केली, तर त्यांचं दार वाजवता येतं. वरच्या फ्लॅटचं काय वाजवायचं? कुलूप?"

"मग हे सभेत का नाही सांगितलं?"

"आत्ता सांगते ना!"

खाली येताना दुसऱ्या मजल्यावरचा संतोष भेटला, तोही भरभरून बोलला. तेव्हा निकिताने वॉचमन नवनाथकडून एक स्टूल मागून घेतले, माझ्यात ठेवले आणि त्यावर ठाण मांडले.

"मॅडम, लय गरम होईल आत," नवनाथ म्हणाला. "पंखा नाय चालत."

"असू दे हो. माणसं बोलतायत ना!"

मित्रांनो, ती संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. ज्याला त्याला अचानक खाली काम निघाले. कोणी कचरा टाकायला आले. कोणी दूध आणायला निघाले आणि राहिलेले बोलणे दूध घेऊन परतताना पुरे केले. कारभारीसुद्धा आले! "एवढी वर्षं मेंटेनन्स भरला, आज वसूल करतो," असे म्हणत ते पहिल्यावरून थेट सहाव्या मजल्यापर्यंत गेले. "लताबाईंना राहू द्या, बाई. त्यांचं तोंड रोज दिसतं. ज्याचं तोंडच दिसत नाही, त्याला धरा की!"

शेवटी लताबाई आल्या. मी वर निघाले, तर तिसऱ्या मजल्यावर खंडेरावांनी मला थांबवले आणि आत येऊन विचारले, "काय चाललंय हे? सभा झाली ना खाली?"

मी वर सरकले. मग लताबाई हळूच म्हणाल्या, "चेअरमनसाहेब, खोली बंद झाली, तर फ्लॅट विकून मला दिंडोरीला भावाकडे जावं लागेल."

"मग सभेत बोलायचं ना!"

"पदर पसरल्यासारखं वाटलं असतं."

खंडेराव जरा घुटमळले. "तुमचे पाहुणे पहाटे बादल्या आपटतात. बरोबर आमच्या डोक्यावर. हिचं मग दिवसभर डोकं दुखतं."

"एवढंच? अहो, मग वर येऊन सांगायचं!"

"तुम्ही एकट्या. भांडायला आलो, असं वाटलं असतं तुम्हाला."

"उद्याच मोरीत रबरी चटई टाकते."

तोवर चौथा मजला आला होता. लताबाईंनी जाळी उघडली होती, पण पाऊल काही बाहेर पडत नव्हते. आणि मी वेडी, नेमकी तेव्हाच म्हणाले, "कृपया दरवाजा बंद करा."

"गप गं तू!" दोघे एकदमच माझ्यावर ओरडले. मग एकमेकांकडे पाहून असे हसले, की निकिता स्टुलावरून पडता पडता वाचली.

"लिहा, मॅडम," खंडेराव डोळे पुसत म्हणाले. "पाहुणे ठेवायचे, तर ज्याचं दार वाजवता येईल असा एक जबाबदार माणूस त्याच इमारतीत राहणारा पाहिजे. बाकी आमची तक्रार नाही."

काही महिन्यांनी नियम आले. इतर भागांतल्या लोकांनीही असेच काही सांगितले असावे, कारण आमची अट त्यांत होती. सहाव्या मजल्याच्या मालकाने जबाबदार माणूस म्हणून कारभारींना नेमले. आता ते रोज माझ्यातून वर जातात आणि मेंटेनन्सविषयी चकार शब्द काढत नाहीत.

मित्रांनो, मी काही शहाणी नाही. तरी एवढे सांगावेसे वाटते, की माणसांना विचारावे आणि विचारल्यावर थोडे थांबावे. काही माणसे लाजरी असतात. त्यांना बोलायला चार माणसांपुरतीच जागा लागते. अशा जागा जपा, त्यांत पिचकाऱ्या मारू नका. माझा पंखा अजून बंदच आहे, त्याचेही कोणीतरी मनावर घ्या.

नियमांचा कागद आला त्या दिवशी लताबाई एकट्याच माझ्यात चढल्या. जाळी लावली, बटण दाबले आणि माझ्या तडा गेलेल्या आरशात पाहून म्हणाल्या, "लते, आता कुठं जायचं नाही गं!" चौथा मजला येईपर्यंत त्या एकट्याच खळखळून हसत होत्या.